कापडाची चकचकीत बाजू

नकाशेबाईंना त्यांच्या नावानं हाक मारणारं माणूस आता जवळजवळ उरलं नव्हतं. नगरपालिकेच्या नकाशा खोलीत ट्रेसर म्हणून त्यांनी अडतीस वर्षं काढली. निवृत्त होऊन नऊ वर्षं उलटली, तरी पोस्टमनपासून शेजारच्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या लेखी त्या नकाशेबाईच राहिल्या. बाईंनाही त्यात काही वावगं वाटत नसे. नाव आईबापांनी ठेवलेलं असतं, हे मात्र माझ्या कमाईचं आहे, असं त्या म्हणत.

ट्रेसरचं काम म्हणजे काय, हे आताच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. इंजिनिअर साहेब नकाशा काढत तो पेन्सिलीनं. त्यावर पारदर्शक कागद किंवा खळ दिलेलं तलम कापड ताणायचं आणि शाईनं रेघ न रेघ उतरवून घ्यायची, म्हणजे त्याच्या हव्या तितक्या प्रती निघत. टेबलाला वरून काच, काचेखाली दिवा. रेघ चुकली, की ब्लेडच्या टोकानं खरवडायची आणि जागा नखानं घासून गुळगुळीत करायची. बाईंच्या ब्लेडला मात्र गंज चढे, इतकी त्याची गरज कमी पडायची. नकाशाच्या खाली सही साहेबांची. ट्रेसरनं नाव घालायचं नाही अशी रीतच होती, फार तर कोपऱ्यात एखादी खूण करावी. बाईंची खूण म्हणजे मोहरीएवढा त्रिकोण. तो त्रिकोण दिसला, की साहेब नकाशा तपासायचेसुद्धा नाहीत. बाईंची रेघ म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं म्हणून सही ठोकून मोकळे.

आता एवढं कौतुक पदरात पडल्यावर माणसाचा स्वभाव थोडा कडक होणारच. कुणाच्या घरी तसबीर बोटभर वाकडी असली, तर बाईंना तिथला चहा गोड लागत नसे. उठून सरळ करत, मग कप हातात घेत. त्यांची सहा वर्षांनी धाकटी बहीण, जिला घरात सगळे धाकटीच म्हणत, ती तर लहानपणापासून या शिस्तीखाली रगडून निघाली होती. धाकटीची पत्रं बाई शुद्धलेखन दुरुस्त करून परत पाठवत. पुढं धाकटी शाळेत शिक्षिका झाली, शेकडो मुलांच्या वह्या तपासू लागली, तरी ताईसमोर वही उघडताना तिचा हात जरा थांबायचाच. ताईचं चुकत नाही, हे त्या घरातलं वाक्य होतं. ते कधी कौतुकानं म्हटलं जाई, कधी दात खाऊन.

गंमत अशी, की गावाच्या जमिनीखालचं सगळं ज्यांना तोंडपाठ, त्या बाईंनी नोकरीत असताना कधी एकाही खड्ड्यात डोकावून पाहिलं नव्हतं. गटारं, टाक्या, शोषखड्डे, सगळं त्यांनी शाईत पाहिलेलं. ते प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला निवृत्तीनंतर. जुन्या वस्तीत घरामागच्या परसात कुणी झाड लावायला, खांब रोवायला खणू लागलं, की खाली काहीतरी लागायचं आणि मग अफवांना ऊत. एकाला भुयार सापडलं. बाईंनी जाऊन सांगितलं, की हा विटांच्या कमानीचा जुना नाला आहे, आणि याच्यातून पळालं असेल ते फक्त पावसाचं पाणी. दुसऱ्याला दगडी झाकण लागलं, तेव्हा त्यानं दारं लावून घेऊन खजिना म्हणून ते उचललं. खोदला डोंगर आणि निघाला उंदीर. नाल्याच्या तपासणीचं ते कुंड होतं, आणि त्यात दोन चमचे आणि एक कवळी मिळाली. कवळी आजेसासऱ्यांची निघाली, तेव्हा घरात जरा गंभीर वातावरण झालं म्हणतात.

या सगळ्यातून बाईंचे काही ठोकताळे बसले होते. विटा चुन्यात घट्ट बसवलेल्या असल्या आणि आतून गिलावा असला, तर ती टाकी, कारण तिला पाणी धरून ठेवायचं असतं. विटांमध्ये मुद्दाम फटी सोडल्या असल्या, तर तो शोषखड्डा, कारण त्याला पाणी जमिनीत सोडून द्यायचं असतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शोषखड्डा कधी एकटा नसतो. आधी टाकी, तिच्यात गाळ बसणार. मग वरचं निवळलेलं पाणी नळावाटे खड्ड्यात जाणार. खड्डा सापडला, की नळाचं तोंड कुठल्या बाजूला आहे ते पाहायचं आणि त्या बाजूला टाकी शोधायची. पिल्लू दिसलं म्हणजे आई जवळपास असतेच, असं त्या सांगत.

त्या दिवशी बोलावणं आलं ते दहा घरांच्या ओळीतून. शहरातल्या जुन्या वस्तीत एकासारखी एक अशी दहा घरं होती. पुढं रस्ता, मागं प्रत्येकाला हातरुमालाएवढं परस, आणि मध्ये कमरेएवढ्या भिंती. आठ नंबरच्या घरात एक नर्सबाई राहत. त्यांना परसात लिंबाचं झाड लावायचं होतं. गवंडीमामा आळं खणत होते आणि दोन फुटांवर त्यांची कुदळ विटेवर आपटली. बाजूची माती काढली तर विटांचं गोल कडं निघालं, चार फूट रुंद. नर्सबाईंनी लिंबाचं रोप पाटीत ठेवून दिलं आणि नकाशेबाईंना निरोप धाडला.

नऊ नंबर म्हणजे त्याच ओळीतलं शेजारचं घर, आणि ते होतं धाकटीचं. त्यामुळे बाईंना तिथली वाट पायाखालची होती. त्या भिंग आणि कपाटातली त्या ओळीच्या नकाशाची प्रत घेऊन सकाळी दहालाच हजर झाल्या. गवंडीमामांनी एव्हाना हातभर माती आणखी काढली होती. हा माणूस बोलायला कमी. तो आपली पहार जमिनीवर आपटतो, आवाज ऐकतो आणि मान हलवतो, एवढंच त्याचं बोलणं. बाई खड्ड्याच्या काठावर बसल्या. विटांमध्ये फटी, चुना नाही, आत विटांचे तुकडे आणि गोटे भरलेले. विहीर असती तर विटा घट्ट असत्या आणि काठ दोरानं झिजलेला असता. धान्याचं पेव म्हणावं, तर इतक्या फटींतून ओल शिरून धान्याचा चिखल झाला असता. शोषखड्डाच, बाईंनी निकाल दिला. बंद पडून कैक वर्षं झालेली, वास नाही, ओल नाही, वरून माती घट्ट भरून घेतली तर झाड खुशाल लावावं. नर्सबाई सुटकेचा निःश्वास टाकून चहा करायला आत गेल्या.

बाईंनी मात्र नळाचं तोंड शोधलं, आणि तिथं त्यांचं घोडं पेंड खायला लागलं. भाजक्या मातीचा, आतून काचेसारखा गुळगुळीत असा जाड नळ होता तो. पण तो आठ नंबरच्या घराकडून येत नव्हता. तो आडवा, भिंतीखालून, नऊ नंबरच्या परसातून येत होता.

बाईंनी नकाशा उघडला. त्यात आठ नंबरचं परस कोरं होतं. नऊचंही कोरं. खुणा होत्या त्या ओळीच्या दुसऱ्या टोकाला: तीन नंबरच्या परसात गोल, म्हणजे शोषखड्डा, दोन नंबरच्या परसात दुहेरी रेघेचा मोठा चौकोन, म्हणजे पाचसहा घरांची मिळून एक टाकी, आणि दोघांना जोडणारी नळाची रेघ. खाली कोपऱ्यात मोहरीएवढा त्रिकोण.

नकाशा त्यांनीच, वयाच्या बाविसाव्या वर्षी उतरवलेला होता. त्यांनी घडी घातली आणि म्हणाल्या, की एवढ्या लांब ओळीला दोन जोड्या असायच्याच, ही दुसरी जोडी तेव्हाच्या साहेबांची नोंदवायची राहून गेली असेल. गवंडीमामांनी पहार भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "बाई, तीन नंबरच्या परसात मी गेल्या वर्षी मांडवाचे चार खांब रोवले. पाच फूट खाली गेलो. सगळा कोरा मुरूम. कुणी कधी हात लावलेला नाही."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. नकाशात जिथं खड्डा आहे तिथं तो नाही, आणि जिथं नाही तिथं तो समोर बसलाय. चहा घेतला न घेतला असं करून त्या उठल्या. भिंतीपलीकडं नऊ नंबरच्या परसात धाकटीची खोली उभी होती. पत्र्याच्या छपराची, पिवळ्या रंगाची, जवळजवळ अख्खं परस व्यापलेली. त्या खोलीकडं बघायचं बाईंनी टाळलं.

कारण त्या खोलीची हकीकत त्यांना पाठ होती. वीस वर्षांपूर्वी धाकटी आणि तिचा नवरा घर बघत होते. तेव्हा या ओळीत दोन घरं विकायची होती, दोन नंबर आणि नऊ नंबर. धाकटीचा जीव दोन नंबरवर होता, तिथं सकाळचं ऊन थेट स्वयंपाकघरात येई. बाईंनी नकाशा काढून दाखवला. दोनच्या परसात जुनी टाकी आहे, नऊ नंबर स्वच्छ आहे, नऊ घे. धाकटीनं नऊ घेतलं. पुढं अकरा वर्षांपूर्वी तिनं परसात ही खोली बांधली. तिथं संध्याकाळी पाच वाजता तिची गणिताची शिकवणी भरते. चार वर्षांपूर्वी नवरा गेला आणि मुलं आपापल्या वाटेनं पांगली, तेव्हापासून धाकटीचा दिवस खऱ्या अर्थानं पाच वाजताच उजाडतो. बावीस मुलं त्या फरशीवर बसून पाढे म्हणतात.

ती खोली बांधली होती गवंडीमामांनीच. पाया उथळ घ्यायचा ठरला, तेव्हा त्यांनी पहार आपटून पाहिली होती आणि आवाज पोकळ येतो असं म्हणाले होते. बाई तिथंच उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं, "तुमची पहार खोटी बोलेल, माझा नकाशा बोलणार नाही." धाकटी दोघांच्या मध्ये उभी होती. मामांनी मान हलवली आणि बांधायला घेतलं.

आज मामांनी त्यातलं एक अक्षर काढलं नाही. काढलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं.

त्या तिथून तडक नगरपालिकेत गेल्या. तिथल्या रेकॉर्ड खोलीचा कारकून बाईंना मान देणारा. त्यानं जेवणाचा डबा बाजूला सारून फडताळांत शोधलं, आणि दोनेक तासांनी एका पत्र्याच्या नळकांड्यातून मूळ कापड निघालं. बाईंनी ज्याच्यावरून उतरवलं होतं, ते. त्याच्याही आधीच्या पिढीतल्या कुणीतरी काढलेलं, मळकट, एक कोपरा उंदरांनी कुरतडलेला. घरांचे क्रमांक, दिशेचा बाण, मथळा, जे काही असेल ते सगळं त्या कोपऱ्याबरोबर उंदरांच्या पोटात गेलं होतं. उरली होती फक्त दहा सारख्या घरांची ओळ आणि खुणा.

बाईंना सगळं आठवलं. ट्रेसिंगच्या कापडाला दोन बाजू असतात, एक चकचकीत आणि एक मंद. त्यांच्या खोलीतला नियम होता, शाई मंद बाजूला. पहिल्याच दिवशी त्यांना तो शिकवला गेला होता आणि त्यांनी तो कधी मोडला नव्हता. बाविसाव्या वर्षी हे कापड असंच कुरतडलेलं हातात आलं तेव्हा त्यांनी मंद बाजू वर करून ते टेबलावर ताणलं, काचेखालचा दिवा लावला आणि रेघ न रेघ उतरवली. कापड पारदर्शक, रेघा दोन्हीकडून सारख्याच दिसणार. क्रमांक नंतर दुसऱ्यानं डावीकडून घातले. कुणाला कशाची शंका येणार?

आता त्यांनी चष्मा काढून ठेवला. डोळे मिटले आणि मंद बाजूवरून बोट फिरवलं. काहीच लागलं नाही. कापड उलटं केलं, चकचकीत बाजूवरून बोट फिरवलं. शाईची रेघ बोटाला लागली, बारीक, उठलेली, एकामागून एक दहा घरं. जुने लोक शाई चकचकीत बाजूला करत होते. म्हणजे बाईंनी अख्खी ओळ उलटी उतरवली होती. पहिलं घर दहावं झालं, तिसरं आठवं झालं. आणि दुसऱ्याचं नववं.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय ते त्यांना त्या खुर्चीवर बसल्याजागी कळलं. दिव्याखाली अंधार असतो असं म्हणतात. त्यांनी तर तो दिवा रोज स्वतःच्या हातानं लावला होता. एकदा, फक्त एकदा, बोट फिरवून पाहिलं असतं तर? पण नियम पाठ होता, आणि नियम पाठ असलेल्या माणसाला बोट फिरवायची गरज वाटत नाही.

कारकुनाला काय झालं ते त्यांनी सांगितलं. तो भला माणूस. म्हणाला, की पंचेचाळीस वर्षांची जुनी गोष्ट, नकाशावर ना तुमचं नाव ना सही. ज्यांना तो त्रिकोण ओळखता येई ते सगळे निवृत्त झाले, निम्मे तर गेलेही. कार्यालयातर्फे सर्वसाधारण तपासणी आहे म्हणून खोली उघडून पाहू, दुरुस्ती करू, तुमचा कशाला उल्लेख? बाईंनी कापड गुंडाळून नळकांड्यात ठेवलं. पण वाटेत चालताना ते वाक्य त्यांनी मनात घोळवलं, हे खरं. कार्यालयातर्फे सर्वसाधारण तपासणी आहे. वाक्य चांगलं होतं. त्यात एकही शब्द खोटा वाटत नव्हता.

सव्वाचार वाजले होते. धाकटी खोलीत फळा पुसत होती. उंबऱ्याबाहेरच उभं राहून बाईंनी ते वाक्य म्हटलं. धाकटी फळा पुसतच राहिली. ती म्हणाली, की बरं, मग तपासणी पुढच्या आठवड्यात ठेवायला सांग. मुलांची परीक्षा तोंडावर आली आहे, आज तर जादा तास आहे, तीसएक मुलं येतील.

एवढं गुळमुळीत सांगितलं तर असंच होणार, हे बाईंच्या लक्षात आलं. तपासणीला थांबायला सांगता येतं. जमिनीला सांगता येत नाही.

"धाकटे, बाहेर ये," त्या म्हणाल्या. "हळू ये, भिंतीच्या कडेकडेनं. या खोलीखाली टाकी आहे. मी नकाशा उलटा उतरवला होता. दोन नंबर स्वच्छ होतं आणि नऊ नंबरमध्ये टाकी होती. मी तुला उलट सांगितलं."

धाकटी डस्टर हातात धरून भिंतीच्या कडेनं बाहेर आली. दोघी परसाच्या दारात उभ्या राहिल्या. बाईंनी कापडाची, शाईची, बोटाची सगळी गोष्ट सांगितली. एखाद्या मुलानं गणित फळ्यावर सोडवावं तशी, एकही पायरी न गाळता. साठ वर्षांत धाकटीनं ताईच्या तोंडून माझं चुकलं असं ऐकलं नव्हतं.

धाकटीनं डस्टर खाली ठेवलं. घरात जाऊन तिनं एका कागदावर ठळक अक्षरात लिहिलं, की आज वर्ग पुढच्या खोलीत, परसात कुणी जायचं नाही, आणि कागद दाराला लावला. पुढच्या खोलीतलं सामान दोघींनी मिळून भिंतीला सरकवलं. मुलं दाटीवाटीनं बसली आणि परीक्षेची उजळणी झाली. बाई स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पाढे ऐकत उभ्या होत्या. शेवटचं मूल गेल्यावर धाकटी आत आली आणि पाणी प्यायली.

"साठ वर्षं वाट पाहिली गं मी, तुझ्या एका चुकीची," ती म्हणाली. "म्हटलं होतं, झाली की पेढ्यासारखी वाटीन सगळ्यांना. आणि केलीस ती अशी, की मेलं हसताही येईना."

मग तिला रडू आलं. बाईंनाही आलं. कुणी कुणाची समजूत काढावी हे न ठरल्यामुळे दोघी आपापल्या खुर्चीवर बसून रडल्या आणि मग चहा केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडीमामा पहार घेऊन आले. खोलीच्या कोपऱ्यापासून त्यांनी फरशा उचलायला सुरुवात केली. खाली दीड हात भराव, भरावाखाली दगडी लाद्या, आणि लाद्या पेलणाऱ्या लोखंडी तुळया. एका तुळईचे गंजून पापुद्रे सुटले होते, मामांनी नुसता हात लावला तर मूठभर चुरा हाती आला. मधल्या लादीला आडवा तडा होता. तिच्याखाली पुरुषभर खोल, कोरडी, काळी टाकी. टॉर्चच्या उजेडात भिंतीच्या वरच्या अंगाला आठ नंबरकडं जाणाऱ्या नळाचं तोंड दिसलं. तडा गेलेली लादी होती नेमकी फळ्यासमोर, जिथं धाकटी खडू घेऊन उभी राहत असे. ते पाहून ती म्हणाली, बरं झालं, मुलं नव्हती तिथं. बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढचं काम सरळ होतं. लाद्या एकेक करून उतरवल्या. टाकीच्या तळाला भोकं पाडली, म्हणजे पाणी साचणार नाही, आणि आत दगड, खडी, वाळू असे थर धुमसून भरले. त्याला महिना लागला. महिनाभर शिकवणी बाईंच्या घरी भरली. ज्या घरात टेबलावरचा रुमालही कधी वाकडा झाला नव्हता, तिथं बावीस जोडी चपला दारात आडव्यातिडव्या पडू लागल्या. पहिल्या आठवड्यात बाईंनी त्या रोज रांगेत लावल्या. दुसऱ्या आठवड्यात एक दिवसाआड. मग सोडून दिलं.

नकाशाचं मात्र त्यांनी सोडलं नाही. नगरपालिकेत आता सगळं संगणकावर आहे. नवे इंजिनिअर साहेब, वयानं त्यांच्या मुलासारखे, अदबीनं म्हणाले, की बाई, नकाशा उलटा करायला एक बटण दाबायचं काम आहे. बाई म्हणाल्या, तुम्ही बटण जरूर दाबा, पण हाताची चूक हातानंच निस्तरलेली बरी. साहेबांनी परवानगी दिली. जुन्या सामानातून काचेचं टेबल निघालं. सदुसष्टाव्या वर्षी बाईंचा हात थोडा थरथरत होता, त्यामुळे जे काम पूर्वी दोन दिवसांचं होतं त्याला अकरा दिवस लागले. टेबलावर कापड ताणण्याआधी त्यांनी दोन्ही बाजूंवरून तीन तीन वेळा बोट फिरवलं. ब्लेड वापरावं लागलं, तेही त्यांनी मुकाट्यानं वापरलं.

देण्याआधी त्या नकाशा घेऊन धाकटीकडं गेल्या. खोलीत नव्या फरशा बसल्या होत्या, फळा धुऊन ठेवला होता. बाईंनी नकाशा तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाल्या, तपास.

धाकटीला वाटलं आपल्याला काही कमीजास्त ऐकू आलं. मला काय कळतंय त्यातलं, असं ती म्हणाली. तरी चष्मा लावला. नकाशा उचलून खिडकीशी उजेडात धरला. समोरून पाहिला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. बोटानं डावीकडून घरं मोजली. आठ, गोल खूण. नऊ, दुहेरी चौकोन. चौकोनात बारीक अक्षरात, भरून घेतली आहे. शाळेत वह्या तपासताना करायची तशी ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती, आणि बाई समोर हात पुढं बांधून उभ्या होत्या.

कोपऱ्यात त्रिकोण नव्हता. त्याच्या जागी बाईंनी पूर्ण नाव घातलं होतं आणि खाली दोन ओळी: मूळ कापड उलट बाजूनं उतरवलं गेलं होतं. चूक ट्रेसरची, म्हणजे माझी.

धाकटीनं त्या दोन्ही ओळी सावकाश वाचल्या.

"एक ओळ राहिली," ती म्हणाली.

बाईंनी विचारलं, कोणती.

"मामांची पहार पोकळ वाजली होती. त्यांनी सांगितलं होतं तुला. मी तिथंच उभी होते, ताई, आणि मीही गप्प बसले."

बाईंनी पिशवीतून पेन आणि शाईची बाटली काढली. धाकटीनं टेबलावरच्या वह्या बाजूला करून जागा करून दिली. बाईंनी तिसरी ओळ लिहिली: बांधकामाच्या वेळी गवंड्यानं जमीन पोकळ असल्याचं सांगितलं होतं, ते ऐकलं गेलं नाही. अशी ओळ कुठल्या सरकारी नकाशावर कधी कुणी लिहिली असेल असं वाटत नाही. हात थरथरला, त्यामुळे शेवटचा शब्द जरासा वर चढला. बाईंनी सवयीनं ब्लेडकडं हात नेला.

"राहू दे," धाकटी म्हणाली. "बरोबर आहे."

बाईंनी ब्लेड ठेवून दिलं. शाई वाळेपर्यंत दोघी तिथंच बसल्या, आणि मग पाचची मुलं यायला लागली.